पाणी आलं, आत व्हा

जुन्या शिलालेखांचे ठसे घ्यायला मी पुण्याहून जालन्याला आलो, तेव्हा निजामाचा मुलूख मला परदेशच वाटला. कचेरीत सगळं उर्दू, आणि ओळखीचं कुणी नाही. मस्तगड मोहल्ल्यात एक खोली घेऊन एकटाच राहू लागलो.

वापरायचं पाणी एक म्हातारा भिस्ती आणून टाकायचा. बायांना पडद्याआड जायला वेळ मिळावा म्हणून तो प्रत्येक दाराशी ओरडायचा, "पाणी आलं, आत व्हा." माझ्या दाराशीही ओरडायचा. पाठीवरची पाण्याची गळकी कातडी मशक सावरत, भिंतीकडे तोंड करून थांबायचा. मग कुणी वाट दिल्यासारखी मान हलवून आत यायचा आणि रांजण भरायचा.

मला त्याचा रागच यायचा. "मी एकटा राहतो," एकदा सांगूनही टाकलं.

"मालूम हाय, साहेब," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच थांबला.

पावसाळा सरत आला होता. एका सकाळी मी खोलीच्या मधोमध उभा राहून टोपी झटकत होतो, तर तो न ओरडता सरळ आत आला. आज हाक कशी नाही, मी विचारलं.

मशकीचं तोंड सोडता सोडता, खालीच बघत तो म्हणाला, "आज गरज न्हाई. बाई तुमच्या पाठीमागं जाऊन उभ्या राह्यल्यात. परक्या माणसाच्या आड न्हाई जात त्या. आता तुमची सवय झाली बराबर."

वळून पाहायचा धीर झाला नाही. पण रांजण भरून तो उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत मी बाईंच्या पुढून हललो नाही.