चाळणीवरची हळद

शुभांगीताई आज सकाळी गेली.

शहापूरहून, तिला पोचवून आत्ताच घरी आलो. आंघोळ झाली. बोलायचं त्राण नाही, म्हणून लिहितो.

तिथे खूप जणांनी विचारलं, ही नेमकं काय काम करायची. जिवंत असताना कोणी विचारलं नाही. असो. सांगतो.

मी ड्रिलिंगच्या रिगवर जिऑलॉजिस्ट आहे. बोअर चालू असताना पंपाने आत चिखलपाणी सोडतात, त्यासोबत खालून दगडाचा चुरा वर येतो. तो चाळणीवर घ्यायचा, पिशवीत भरायचा आणि किती खोलीवरचा ते पिशवीवर लिहायचं.

गोम अशी की चुऱ्याला वर यायला वेळ लागतो. तोवर बिट, म्हणजे दगड फोडणारं टोक, आणखी खाली गेलेली असते. वाटेत वरचा-खालचा चुरा एकमेकांत मिसळतो.
आम्ही हिशोब करून खोली लिहितो. त्यातला निम्मा अंदाज असतो.

ताई कॉलेजात मला सीनियर. ती केमिस्ट्रीत गेली, मी दगडात. एकदा तिच्या घरी चहा पिताना हे रडगाणं गायलो.

ती म्हणाली, "मंग त्या दगडाले खालीच खूण करून टाकू ना."

मी हसलो. ती हसली नाही.

तिने लॅबमध्ये कण बनवले. इतके बारीक की डोळ्याला दिसणार नाहीत. ते बोअरच्या चिखलपाण्यात सोडायचे, पंप त्यांना थेट बिटपर्यंत नेतो. तिथे नुकत्याच फुटलेल्या दगडाला ते चिकटतात आणि त्याच्यासोबत वर येतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की चमकतात. कण खाली पोचले तेव्हा बिट कुठे होती ते आपल्याला ठाऊक असतं. म्हणजे चमकणारा दगड तिथलाच.

सांगायला सोपं आहे. करायला तिची कित्येक वर्षं गेली. शेवटी शेवटी किडनीही गेली.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा मला म्हणाली, "प्रशांत, मले बाकी काही नाही पायजे. एकदा तो दगड वर आलेला पायचा हाय."

पहिली ट्रायल आंबागडकडे घेतली. ताई स्वतः आली होती, हाताला पट्टी बांधलेली.

तिचे कण हिरवे चमकणारे होते. बाटली ओतायच्या आधी तिने साधा चुरा तपासायला घेतला. काळं कापड डोक्यावर ओढलं, टॉर्च लावला.

चुरा हिरवा-पिवळा चमकत होता.

कण अजून बाटलीतच होते.

ताई कापडाखालून बाहेर आली ती पांढरीफटक. तिला वाटलं, आपल्याच हाताने घोळ झाला. हात धुतले, बाटलीचं झाकण पाहिलं, पुन्हा चुरा घेतला. पुन्हा तेच.

मग आमचे ऑपरेटर सुखदेवभाऊ काय चाललंय ते पाहायला कापडाखाली वाकले. टॉर्चच्या उजेडात त्यांची बोटं चमकली.

हळद.

रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी ते बिटला हळद लावतात, रॉडला लावतात. आणि चाळणीला तर चारी बाजूंनी.

"चाळणीले काहून लावता भाऊ?" मी वैतागून विचारलं.

"धरतीच्या पोटातलं पयले तिथंच येते ना सर. रिकाम्या चाळणीत कसं घ्याचं?"

मी म्हटलं, चाळणी घासून घेऊ, आजचा दिवस पूजा राहू द्या. फोनवर आमचे साहेबही तेच म्हणाले. सुखदेवभाऊंचा चेहरा उतरला.

ताईने मला बाजूला घेतलं.

"आज धुशीन. उद्याच्याले काय करशीन? बिना हळदीची एक रिग दाखव मले."

"मग काय करायचं?"

"रंग बदलू."

म्हणजे सगळं पहिल्यापासून. नवे कण, नव्या चाचण्या, नवी परवानगी. मी चिडलो. म्हटलं, ताई, तुझ्याजवळ तेवढा वेळ आहे का?

ती धानाच्या बांध्यांकडे वळली. मग म्हणाली, "नसन. पण जे उद्या रिगवर चालनार नाही, ते पाहून मी काय करू?"

आणि गाडीत जाऊन बसली. एवढी थकली होती की दार मलाच लावावं लागलं.

लाल कण तयार होईस्तोवर धान कापणीला आलं. एक दिवसाआड डायलिसिस, मधल्या दिवशी लॅब. भाऊजी डबा घेऊन लॅबबाहेर बसायचे. ते तिला काही बोलायचे नाहीत, मला फोन करून बोलायचे.

दुसऱ्या ट्रायलला ती येऊ शकली नाही. सुखदेवभाऊंनी चाळणीला नेहमीसारखी हळद लावली. मी बाटली ओतली आणि वाट पाहत उभा राहिलो. वाट पाहण्याचा मला अगदी कंटाळा आहे.

अपेक्षित वेळेला चुरा आला. कापडाखाली गेलो.

लाल.

व्हिडिओ पाठवला नाही. चिमूटभर चुरा डबीत घेतला आणि थेट शहापूर गाठलं. ताई पलंगावर होती. भाऊजींनी तिच्या डोक्यावरून शाल ओढली, मी आत डबी आणि टॉर्च दिला.

शालीखाली टॉर्च एकाच जागी धरलेला राहिला. मला वाटलं, झोप लागली.

मग शालीतून आवाज आला, "हळद बी दिसून राहिली रे."

"हो."

"दोघंबी वर आले."

त्यानंतर पंधरवडाभरच होती.

आज तिला हिरवं लुगडं नेसवलं. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी मळवट भरला, कपाळाला, हातांना, पायांना हळद लावली. सुखदेवभाऊही आले होते. लांब उभे राहिले आणि रडले.

तो टॉर्च माझ्या खिशातच होता.

काढला नाही. ती चमकत असणार, हे मला ठाऊक होतं.

जा ताई. तुझा दगड वर आला. आता आराम कर.