प्रामाणिक म्हणजे नेमकं काय?

सदू गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरने दिली. शाळेसमोर गाडी थांबवून तो म्हणाला, "मास्तर, तुमचे सदाशिव मास्तर सकाळी अलिबागच्या इस्पितळात वारले." मी पोरांना घरी पाठवलं. आणि खरं सांगतो, त्या दुःखातही आत कुठेतरी हायसं वाटलं… महिना झाला, अजून त्याची लाज वाटते.

स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी आम्ही दोघं मुरुडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो. गावातली पोरं नोकरीसाठी मुंबईला निघाली की शाळेतून इंग्रजी शिफारसपत्र नेत. पत्र लिहायचं काम माझं. पण पालक ते घेऊन थेट सदूच्या ओटीवर! "मास्तर, कागूद बरा हाय ना? बघा जरा." माझा नुसता तिळपापड व्हायचा. मी जळत होतो त्याच्यावर, दुसरा शब्द नाही.

एकदा धर्मा कोळ्याच्या मुलासाठी मी 'ऑनेस्ट' लिहिलं. सदूने ते खोडून 'सिन्सिअर' केलं. मी तावातावाने त्याचं घर गाठलं. "दोन्हीचा अर्थ प्रामाणिकच ना?"

"आपलं एका शब्दात भागतं रे," तो शांतपणे म्हणाला. "घर उघडं टाकून ज्याच्या भरवशावर जाता येतं, तो ऑनेस्ट. मालकाची पाठ फिरली तरी ज्याचा हात थांबत नाही, तो सिन्सिअर. या पोराने माझ्या माडावरची शहाळी तीनदा लांबवली. पण जाळं विणायला बसला की जेवण विसरतो."

"मग माझ्यासाठी काय लिहिशील?"

"सिन्सिअर. डोळे मिटून."

"आणि ऑनेस्ट?"

तो हसला. "माझ्यावर जळतोस, हे एकदा तोंडावर म्हण. लगेच लिहितो."

"छे, काहीतरीच!" म्हणून मी उठलो. आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र रोज मधल्या सुट्टीत माझ्या वाटणीचा चहा झाकून ठेवायचा, त्याचाही मला रागच यायचा.

परवा एक बाई मुलाला घेऊन आली. पत्र लिहिता लिहिता एका शब्दाशी अडलो. कागद घेऊन चपला घातल्या, आणि उंबऱ्यातच थांबलो.

"आनखी कुनाला दाखवायचा हाय?" बाईने विचारलं.

"नाही. आता कुणालाच नाही."

तिने विश्वासाने कागद घेतला, कपाळाला लावला आणि निघून गेली. पंधरा वर्षं मला हेच हवं होतं.