एका डायलॉगला एक तांब्या

अख्ख्या मराठवाड्यात राक्षसाला सिनेमाचा डायलॉग मारून पळवून लावणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो माझा साडू आहे. होऊन गेला म्हणालो म्हणून दचकू नका. साडू ठणठणीत आहेत, लातूरच्या बाजारात सरकीची पेंड विकतात, आणि गिऱ्हाइकानं भावात घासाघीस केली की अजूनही गल्ल्यावर मूठ आपटून गरजतात, "इस हवेली की ईंट भी मुझसे पूछकर गिरती है!" गिऱ्हाईक बिचारं म्हशीच्या काळजीनं आलेलं असतं, ते घाबरून एक पोतं जास्तच घेऊन जातं. मुलगी पाहायला आले तेव्हा आईनं ताकीद दिली होती म्हणून साडू मान खाली घालून गप्प बसले होते. आमच्या सासऱ्यांनी काळजीनं विचारलं, "मुलाला बोलता येतं ना?" झालं. पुढचा पाऊण तास साडू बोलले, आणि त्यात एक नायक होता, एक खलनायक, नायकाची आंधळी आई आणि वेळेवर न पोचणारा एक इन्स्पेक्टर. सासरे घरात येऊन म्हणाले, "मुलगी एकाला द्यायची होती, इथं चौघं दिसतात. पण चौघंही निर्व्यसनी वाटतात."

आता तो राक्षस कुठला, ते सांगतो. आमच्या गल्लीत पॉलिटेक्निकचे एक सर भाड्यानं राहायचे. त्यांनी हैदराबादेत शिकत असताना एक खेळ आत्मसात केला होता. टेबलाभोवती चौघंपाचजण बसायचं, प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. सर सूत्रधार. ते गोष्ट रचत जायचे, "समोर गुहा आहे, आतून घुरघुर ऐकू येतेय, काय करता?" आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर मेलात. फासा पडला की पडला, ब्रह्मदेवालाही तो फिरवता येत नाही, हा सरांचा कायदा. दर रविवारी दुपारी आम्ही जमायचो. मी चोर होतो, आमचे दातांचे डॉक्टर मांत्रिक होते. साडूंनी योद्ध्यांची यादी नाक मुरडून परत केली. "म्या कलेक्टर," ते म्हणाले, "उदगीर जिल्ह्याचा."

"अप्पा, असं पात्र नसतं हो," सर म्हणाले.

"मग जिल्हा तरी कुठं हाय? सरकार करंना, म्हणून म्याच करून टाकला."

साडूंचा जन्म उदगीरचा. तेव्हा दर दोन-चार महिन्यांनी उदगीर जिल्हा होणार अशी आवई उठायची आणि साडू पेढे वाटून मोकळे व्हायचे. त्यामुळे आम्ही कुठलंही राज्य जिंकलं की कलेक्टरसाहेब तिथं सगळ्यात आधी नवा जिल्हा काढायचे, मुख्यालय उदगीर. आग ओकणाऱ्या ड्रॅगनकडं त्यांनी गुहेचा सातबारा मागितला होता. सर लाल-काळ्या शाईनं नकाशे काढून आणायचे, स्मशानाचं वर्णन करून अर्धा तास वातावरण तयार करायचे, धुकं, घुबड, विझत चाललेली मशाल. अंगावर काटा आला की नेमके साडू थडग्यावर पाय ठेवून म्हणायचे, "बेटा, कब्र में भी किराया लगता है!" डॉक्टर हसता हसता खुर्चीवरून खाली जायचे. सरांचं धुकं, घुबड सगळं त्या हशात वाहून जायचं.

आणि मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. नळ तर कोरडे झालेच, लातूरला पाणी रेल्वेनं यायला लागलं. पाहुणा दारात आला की लोक आधी त्याच्या हातात बाटली आहे का ते बघत. सरांच्या घरमालकाचा बोअर आटला. सरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, नांदेडच्या, गोदावरीच्या पाण्यावर वाढलेल्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत बघते, न्हाई तर नांदेडला चला." सरांनी बदलीचा अर्ज लिहून ठेवला होता, फक्त सही बाकी होती. सही झाली की सर गेले, आणि सर गेले की आमचा रविवार गेला. साडूंच्या औसा रोडवरच्या गोदामातला बोअर मात्र अजून चालू होता. ते सरळ म्हणाले, "टाकी पाठवतो."

"फुकटचं पाणी मी घेणार नाही. पैसे घ्या."

"पाण्याचे पैसे घेतले तर आमची आई मला घरात घ्यायची न्हाई."

"मग राहू द्या. मागून प्यायची वेळ आली तर गाव सोडलेलं बरं." असा ताठ माणूस. त्यांच्या पाठीच्या कण्यावर तार बांधून कपडे वाळत घालता आले असते.

त्याच रविवारी गोष्टीतली एक राणी मरायला टेकली होती. सरांनी तिला असं मरायला लावलं होतं की डॉक्टरांनी चष्मा पुसायला काढला. तेवढ्यात कलेक्टर पुढं वाकले, "रानीसाहिबा, जाने से पहले यहाँ अंगूठा लगा दो!" सरांनी पेन्सिल फेकली. "बास! यापुढं या टेबलावर सिनेमाचा एक डायलॉग, एक तांब्या पाणी दंड!" त्या दिवसांत तांब्याभर पाण्यासाठी माणूस जीभ चावून गप्प बसेल, असा त्यांचा हिशेब.

साडूंनी हळूच विचारलं, "नियम पक्का?"

"पक्का."

"फासा पडल्यावानी?"

"फासा पडल्यासारखा."

पुढच्या रविवारी साडू लोडिंग रिक्षातून आले. शेजारी दोन निळी पिंपं पाण्यानं काठोकाठ भरलेली, आणि साडू तोंडापर्यंत भरलेले. खेळातल्या किल्ल्याच्या दरवानानं "कोण आहे?" विचारायच्या आत साडूंनी त्याच्या सात पिढ्यांशी दुश्मनी जाहीर केली. राक्षसाला तर तोंडच उघडू दिलं नाही. "मौत को बोल, लाइन में खड़ी हो!" एक तांब्या. "मूँछ मेरी, मर्ज़ी मेरी, मैदान मेरा!" सरांना हे तीन डायलॉग वाटले, तीन तांबे. स्वयंपाकघरात वहिनींची घागर भरली, हंडा भरला. असे कितीतरी रविवार गेले. महिनाअखेर उलटून गेली, वहिनींची बॅग भरलेली होती ती दाराशीच उभी राहिली.

पण सर काही खुळे नव्हते. एके दिवशी त्यांनी नकाशा गुंडाळला आणि बदलीचा अर्ज टेबलावर ठेवला. "अप्पा, हा दंड नाही, हे दान आहे. आजपासून नियम रद्द."

साडू उठून उभे राहिले. "दान? दान देणाऱ्याला लोक हार घालतात, सर. तुमी मला इतके दिवस शिव्या घालून राहिले! गाव कोरडं पडलं म्हणून म्याबी कोरडं बोलायचं का? न्हाई बोलणार! कायदा मोडायचा तर फासा टाका. धाच्या वर पडला, दंड चालू. न्हाई तर म्या तोंड शिवून घेतो, तुमी सही करा."

सरांनी फासा टाकला. तो टेबलावर दोन उड्या मारून खाली पडला, घरंगळत उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात गेला आणि पिंपाला टेकून थांबला. आम्ही चौघंही जागचे हललो नाही. वहिनी वाकल्या. फासा उचलून त्यांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग दाराशी उभ्या बॅगेकडं, मग आमच्या तोंडांकडं.

"वीस."

"दाखव बरं," सर म्हणाले.

वहिनींनी फासा कणकेच्या डब्यात टाकून झाकण लावलं. "पडला की पडला, कायदा तुमचाच हाय ना? अप्पा, बोला तुमी. पिंप अजून अर्धंच हाय."

सरांनी अर्ज घडी करून खिशात घातला. त्या दुपारी साडू इतके बोलले की दोन दिवस दुकानात खुणेनं भाव सांगत होते.

पुढं पाणी आलं. दोन-तीन वर्षांनी सरांना बढती मिळाली आणि ती नांदेडला. बढतीला कसला दंड लावणार? गेल्या उन्हाळ्यात साडू आणि मी त्यांच्या घरी जाऊन आलो. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अप्पा, खरं सांगू का? त्या दिवशी तीन पडलं होतं."

सर पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "मला दिसलं होतं."

साडूंनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यातून कुठलाच सिनेमा बाहेर आला नाही. त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि सावकाश शेवटपर्यंत प्यायला.

परतीच्या बसनं अहमदपूर गाठलं. तिथं चहाला उतरलो, तर एक रिकामी पाण्याची बाटली पायानं बाजूला सारत म्हणाले, "उदगीर अजून जिल्हा न्हाई झाला." मग चहाचे पैसे देऊन माझ्याकडं वळले.

"आणि दुकानात म्या नुसता फुकट बोलून राहिलो. दंड घेणारं कुणीच न्हाई."