तुकडा बुडालेला पाह्यजे

बोलता बोलता बाटली उचलायची, उजेडाकडे धरायची आणि म्हणायचं, "तुकडा बुडालेला पाह्यजे." अमरावतीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे हे गृहस्थ तुम्हाला भेटले असते, तर तुम्हीही पहिल्या भेटीत हेच ऐकलं असतं. माझं टेबल त्यांच्या शेजारी, मला दिवसभर ऐकावं लागे.

साठ सालानंतरची गोष्ट. आमच्यापासून समुद्र केवढा लांब! तरी हे दर हिवाळ्यात रत्नागिरीला जात, किनाऱ्यावरच खेकडा फोडून आतलं मांस बारीक कापत आणि लगेच स्पिरिटमध्ये टाकत. उशीर झाला की ते सडतं, मग सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं दिसत नाहीत. मेळघाटच्या ओढ्यातल्या खेकड्याचं समुद्रातल्या खेकड्याशी नातं किती जवळचं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. लोक हसायचे. मला मात्र त्यांचा हेवा वाटे.

उन्हाळ्यात आमची प्रयोगशाळा नुसती भट्टी, स्पिरिट उडून जाई. म्हणून मे महिन्यात बाटल्या त्यांच्या घरी, माठाखालच्या ओल्या रेतीत असत. एका उन्हाळ्यात त्यांना टायफॉइड झाला. ते दवाखान्यात, आणि इकडे त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, तुकडे उघडे पडलेले दिसले. बाईंचा जन्म लोणची घालण्यात गेलेला. त्यांनी तेल तापवलं, थंड केलं आणि सगळ्या बाटल्या काठोकाठ भरल्या.

झालं, कित्येक हिवाळ्यांची मेहनत वाया! बरे झाल्यावर त्यांनी पुष्कळ खटपट केली, पण गुणसूत्रं दिसावीत म्हणून लावायचा रंग तेलकट तुकड्यांवर चढेना. मी घरी गेलो तेव्हा वहिनी रडत होत्या.

"तुमीच म्हनता न, बुडालेलं पाह्यजे," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

त्यांनी बाटली बराच वेळ उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "चूक माही हाय. कशात बुडवाचं, हे तुले मी कदी सांगतलंच नाही."

माणूस असा असतो, हे मला तेव्हा कळलं.

त्या हिवाळ्यात ते वहिनींना घेऊन रत्नागिरीला गेले. खेकडा कापताना हिचा हात माझ्यापेक्षा बारीक चालतो, असं परतल्यावर सगळ्यांना सांगत सुटले. पुढे काचपट्टीवर गुणसूत्रं दिसली, तेव्हा मी शेजारी उभा असून त्यांनी आधी वहिनींना बोलावणं धाडलं.

काही वर्षांनी ते अचानक गेले. मे लागला आणि वहिनी कॉलेजात आल्या. कपाट उघडायला लावून त्यांनी एकेक बाटली उजेडाकडे धरली, जिथे कमी होतं तिथे स्पिरिट ओतलं.

"घरी नेतो आता," त्या मला म्हणाल्या. "माठाखालची रेती ओली करून आली मी."