नियम पाळला आणि ग्रुप मोडला

मंडळी, आज दुपारी आमच्या ऑनलाइन गेमच्या ग्रुपचा सामना होता. मी उमरग्याचा, ग्रुप मीच चालवतो. आमचा नियम एकच, हरलं तरी चालंल, पण माइकवर कुणाची जात काढायची न्हाय. सगळ्यांनी हो म्हणूनच ग्रुपात पाय ठेवलाय.

आज अणदूरच्या एका पोरीचा नेम चुकला आणि आम्ही हरलो. आमचा सगळ्यात तगडा गडी लगेच सगळ्यांसमोर तिच्या जातीवर घसरला. मी त्याला तिथंच काढून टाकलं.

"एका पोरीपायी त्याला काढतो व्हय?" असं म्हणत बाकीचे एकेक करून निघून गेले. राहिलो आम्ही दोघं.

"दादा, माझ्यामुळं ग्रुप मोडला," ती रडत म्हणाली.

"तुझ्यामुळं न्हाय गं," मी म्हणेपर्यंत तीही गेली. तेव्हापासून तिचा फोन बंद लागतोय. लई जीव घाबरलाय माझा.

ताई, हे वाचत असशील तर नुसतं "आहे" एवढंच लिही. खेळू नको, पण लिही.

आणि बाकीच्यांनो, त्याच्यासाठी एवढे जण उठलात. तिच्यासाठी एकालाही बोलावंसं का वाटलं न्हाय?