भांडखोर फोटोवाला

लोणावळ्याच्या बाजाराला महिपती आधी ऐकू आला, मग दिसला. त्याचं फोटोचं दुकान नुकतंच उघडलं होतं आणि आतून एकाएकी मोठमोठ्याने आवाज यायला लागले. शेजारचा शिंपी भांडण सोडवायला धावला, तो घाईत कात्री हातात घेऊनच. पडदा सारून बघतो तर परंदवडीचे भिमाजी आबा खुर्चीत मोठ्या तृप्त मुद्रेने बसलेले, आणि समोर महिपती नम्रपणे म्हणतोय, "झालं आबा. उठा आता."

शिंप्याला कात्री कुठे लपवावी ते कळेना.

महिपती कार्ल्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. मुंबईला एका फोटोवाल्याकडे फोटोच्या काचा धुता धुता काम शिकून परत आला होता. दुकानावर त्याने पाटी लावली, 'उत्तम फोटो काढून मिळतील'. पण मावळातला गडी, जो उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवील, तो कॅमेऱ्यापुढे बसला की त्याचा धोंडा व्हायचा. मुठी मांडीवर, श्वास कोंडलेला, डोळे नाग दिसल्यासारखे. हसा म्हटलं तर आणखी घाबरायचा; परका माणूस विनाकारण हसायला सांगतो म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार.

म्हणून महिपती भांडण काढायचा. परंदवडीचा आंबेमोहोर म्हणे कागद चिकटवायची खळ करायलाच बरा, असं काळ्या कापडाखालून सहज बोलून जायचा. समोरचा गडी कॅमेरा विसरून त्याच्यावर तुटून पडायचा. महिपती थोडा वेळ नेट धरायचा आणि मग हरायचा. भांडण जिंकलेला माणूस क्षणभर गप्प बसतो, आणि तेव्हा त्याचं खरं तोंड दिसतं. तेवढ्यात महिपती कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबून फोटो घ्यायचा. हरण्यावर पोट भरणारा बाजारात तो एकटाच.

मग लढाईच्या दिवसांत तिकोणा पेठेच्या झुंबरबाई आल्या. बरोबर त्यांचे दीर कोंडाजी. झुंबरबाईंचा गेणू पलटणीत होता, मिसर देशात. मागे आईचा एक फोटो दुसरीकडे काढून त्याला पाठवला होता. तो बघून पोराने घास सोडला आणि आई शेवटच्या घटका मोजतेय म्हणून साहेबाकडे रजा मागितली. रजा मिळाली नाही, आणि तेव्हापासून त्याचं कशात लक्ष नव्हतं. आता आई धडधाकट दिसेल असा फोटो हवा होता.

झुंबरबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांचा धोंडा झाला. महिपतीने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. तिकोण्याकडचा तांदूळ जाडाभरडा.

"व्हय भाऊ," झुंबरबाई म्हणाल्या.

तिकडची गुरं मरतुकडी. व्हय भाऊ. तिकडच्या बायकांना भाकरी थापता येत नाही. त्यावरही व्हय. महिपतीला घाम फुटला. शेवटी तो गेणूवरच घसरला. असली पोरं पलटणीत नुसती खायला जातात म्हणाला. कोंडाजींनी बाह्या सरसावल्या. झुंबरबाईंनी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, गेणू लहानपणापासून लय खातो, भाऊ काय खोटं बोलत न्हाईत.

चार लोकांत परक्याचा शब्द खाली पडू देऊ नये, असं वळण होतं त्यांचं. इतक्या गुणी बाईपुढे भांडायचं कसं? ऊन कौलांवरून उतरायला लागलं. उजेड गेला की फोटो गेला, आणि पेठेहून बैलगाडी पुन्हा कधी निघणार? महिपती स्टुलावर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकापुढे खरं बोलला.

"मावशी, मला फोटोच काढता येत न्हाई."

झुंबरबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. खांदे सैल सोडले, पदर सारखा केला.

"व्हय भाऊ," त्या म्हणाल्या. "ते आल्यापास्नंच दिसतंय."

आणि पाठ टेकून बसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्या मनातलं बोलल्या होत्या. सगळी बाई चेहऱ्यावर उतरली होती, डोळ्यांच्या कडेला बारीक मिस्कील सुरकुती घेऊन. महिपतीला शब्द असा लागला की फुगा दाबायचंच तो विसरत होता. कोंडाजींनीच खाकरून आठवण केली.

फोटो मिसरला पोचला. गेणूने रजा मागितली नाही. त्याने उलट विचारून पाठवलं, आईनं एवढं कुणाला झापलं?

महिपती त्यानंतर कुणाच्या तांदळाला नावं ठेवायच्या भानगडीत पडला नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो एवढंच विचारतो, मला फोटो काढता येतो असं वाटतं का तुमाला? लोक त्याला आनंदाने खरं सांगतात.

दुकान अजून त्याच जागी आहे. पाटीवरचा 'उत्तम' हा शब्द मात्र त्याने स्वतःच चुना लावून झाकला आहे.