शेवटच्या पॅसेंजरने आलेला माळी

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेले नाही. खरे तर चोरी मामुली होती. नोकरीत मी खून हाताळले, दंगली पाहिल्या, त्यातले बरेच आता विसरलो आहे.

पन्नासच्या दशकात मी उपनगरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. बोरिवलीत तेव्हा मोजके बंगले होते, बाकी भाताची खाचरे आणि ताडाची झाडे. एका वकिलांच्या बंगल्यातून रात्री देवघरातली चांदी गेली. मागचे दार फोडलेले नव्हते, किल्लीने उघडलेले होते. ती किल्ली गोठ्यात खुंटीला असे, आणि हे घरच्यांखेरीज फक्त माळ्याला ठाऊक होते.

माळी मुलीच्या बाळंतपणासाठी वलसाडला गेला होता. आम्ही पंचनामा करत असतानाच तो खांद्यावर पिशवी टाकून फाटकातून आत आला. शेजारच्या बंगल्यावरच्या ड्रायव्हरने हवालदाराला बाजूला घेतले.

"माळी म्हणतो सुरतेच्या पॅसेंजरने आलो. ती गाडी बंद झाली ना? ठेसनावर बोर्ड लावलाय."

खबर म्हणावी तर एवढीच. पण मला ती पुरली.

या गाडीबद्दल आजच्या वाचकांना सांगायला हवे. ती सुरतेहून संध्याकाळी सुटे आणि प्रत्येक लहानसहान स्टेशनावर थांबत सकाळी मुंबईत पोचे. डब्यात माणसांइतक्याच चिकूच्या करंड्या, दुधाच्या बरण्या आणि सुक्या मासळीची गाठोडी असत. उपनगरात राहून वलसाड-डहाणूकडे नाते असलेल्यांची ती हक्काची गाडी होती. वेगाच्या गाड्यांना वाट हवी म्हणून ती बंद झाली. गावोगावच्या लोकांनी अर्ज केले, उपयोग झाला नाही.

मी माळ्याला ठाण्यात आणले.

"कुठल्या गाडीनं आलास?"

"पॅशिंजरनं, साहेब."

"तिकीट?"

"ठेसनाच्या फाटकावर काढून घेतलं की हो. ते कोण परत देतंय?"

"गाडी बंद आहे."

"बंद होणार म्हणूनच तर डहाणूला लोकांनी इंजिनाला हार घातला. नारळ फोडला. मी स्वतः बघितलं."

हवालदार हसला. "इंजिनाला हार? मग लग्न कोणाशी लावलं रे?"

मीही हसलो. मग स्टेशनला फोन केला. सुरत पॅसेंजर कधीपासून बंद, असे विचारले. एक तारखेपासून, असे उत्तर आले. चोरी एक तारखेच्या पहाटेची होती. मी फोन ठेवला.

पुढे ठाण्यात जे व्हायचे ते झाले. हवालदाराने हात उचलला आणि मी खोलीतच उभा होतो. संध्याकाळपर्यंत माळ्याने चांदी खाडीत टाकल्याचे कबूल केले. आमचे शिपाई गोराईच्या चिखलात गुडघाभर रुतून शोधत राहिले. काही मिळाले नाही. मी पोलीस कोठडी वाढवून घेतली.

त्याच आठवड्यात माझे साडू जेवायला आले. ते सुरतेला नोकरीला होते, कामानिमित्त मुंबईत उतरले होते. पानावर बसल्यावर त्यांनी प्रवासाची कथा लावली.

"तुमच्या बहिणीला सांगितलं, आपल्या पॅसेंजरला शेवटचा निरोप देऊनच जातो," ते माझ्या बायकोला म्हणाले. "डहाणूला काय थाट! कंदील घेऊन माणसं उभी. इंजिनाला झेंडूचा हार. ड्रायव्हर तर नवरदेवासारखा लाजला."

माझा हात थांबला. "कुठल्या दिवशी?"

"एक तारखेला सकाळी उतरलो."

"एक तारखेपासून गाडी बंद होती."

"अहो फौजदारसाहेब, सुरतेहून आदल्या संध्याकाळी सुटली होती ती. मध्येच थांबवून 'तारीख बदलली, उतरा खाली' म्हणणार होते की काय?"

बायको हसली. मी पानावरून उठलो.

रेल्वे तारीख धरते ती गाडी सुटण्याची. स्टेशनचे उत्तर बरोबर होते. मी त्या सकाळी गाडी आली होती का, हे विचारलेच नव्हते. ते विचारले असते तर प्रकरण तिथेच संपले असते.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना सगळे सांगितले. त्यांनी दार लोटून घेतले.

"सोडून दे त्याला. पुरावा नाही म्हण. तो खरं बोलत होता असं कागदावर आणलंस, तर कबुली कुठून आली ते विचारतील. मग तुझी वाट लागेल, हवालदाराचीही."

मी तसेच केले. 'पुराव्याअभावी' हा शब्द माझ्या हस्ताक्षरात आहे.

सुटताना माळी दारात थांबला. माराबद्दल तो काही बोलला नाही.

"साहेब, वकीलसाहेबांना एवढं सांगाल? मी गाडीत होतो म्हणून. माझं ते ऐकायचे नाहीत."

"बघतो," मी म्हणालो.

मी गेलो नाही. वकिलांनी त्याला कामावरून काढले. पुराव्याअभावी सुटलेल्या माणसाला दुसऱ्या बंगल्यात कोण ठेवणार? बातमी मुलीच्या सासरी पोचली, आणि तिला माहेरी पाठवणे त्यांनी बंद केले. हे मला हवालदाराने पुढे कधीतरी चहा पिताना सांगितले. चोर शेवटपर्यंत सापडला नाही, त्यामुळे लोकांच्या तोंडी चोर म्हणून माळीच राहिला.

खोटे बोलणारा माणूस सहसा ऐकणाऱ्याला पटेल असेच सांगतो. इंजिनाला हार घातल्याची गोष्ट कोणी स्वतःच्या बचावासाठी रचणार नाही. इतकी वर्षे माणसे तपासून एवढे तरी त्या खोलीत माझ्या लक्षात यायला हवे होते. नवीन अधिकारी विचारतात तेव्हा मी हे सांगतो. माळ्याचे नाव घेऊन मात्र कधी सांगितले नाही, आजही घेत नाही. त्याच्या ओळखीचे कोणी हयात असेल, तर ते ओळखतील.

वकील गेले, बंगल्याच्या जागी इमारत झाली. निरोप ज्यांना द्यायचा होता ते उरले नाहीत. म्हणून जो वाचेल त्याला सांगतो: चोरी झाली त्या रात्री तो माणूस गाडीत होता, आणि हे मला त्याला सोडण्यापूर्वीच माहीत होते.